गाडीतील मोठ्या ॲम्प्लिफायरला स्थिर व्होल्टेज कसे मिळेल? कपॅसिटर, दुसरी बॅटरी की जाड केबल?

प्रश्न: पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे डिझेल हॅचबॅक आहे. तिच्या अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवर 90 ॲम्पिअर असे लिहिलेले आहे आणि बॅटरी गाडीबरोबर आलेल्या मापाचीच, म्हणजे 45 ॲम्पिअर-अवरची आहे. डिकीत 12 इंची सबवूफर असून त्यासाठी क्लास-डी प्रकारचा, 1 ओहमवर 1000 वॅट आरएमएस (अखंड ताकद) देणारा मोनो ॲम्प्लिफायर बसवला आहे. दारांतील स्पीकरांसाठी चार चॅनेलचा, प्रत्येकी 75 वॅटचा क्लास-एबी ॲम्प्लिफायर आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार गेजची केबल गेली आहे. ती तयार किटमध्ये मिळाली होती. दोन्ही ॲम्प्लिफायरांची अर्थिंग मागच्या सीटबेल्टच्या बोल्टाला दिलेली आहे.

अडचण अशी आहे की रात्री सिग्नलला उभे असताना, एसी चालू असताना, बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात आणि आवाज वाढवल्यास मोनो ॲम्प्लिफायरचा प्रोटेक्शनचा दिवा लागून सबवूफर बंद पडतो. हायवेवर हाच त्रास बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. एका दुकानदाराने 1 फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून झटकन सोडणारा भाग) लावायला सांगितले, दुसऱ्याने डिकीत आणखी एक बॅटरी ठेवायला सांगितले, आणि एका गॅरेजमध्ये अल्टरनेटरची वाइंडिंग जाड तारेने नव्याने भरून घेण्याचा सल्ला मिळाला. तिन्ही कामांना पैसे लागणार आहेत. नेमके आधी काय करावे, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

उत्तर 1: ओहमचानियम

नमस्कार. माझी पहिली विनंती अशी की मोजमाप होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले व्होल्टेज नेमके कुठे हरवते आहे हे न पाहता दिलेले आहेत, आणि ते शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो.

आधी हिशेब मांडू. क्लास-डी ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता साधारण 80 टक्के धरली, तर 1000 वॅट बाहेर देण्यासाठी तो 1250 वॅट आत घेतो, 13.8 व्होल्टला हे सुमारे 90 ॲम्पिअर होतात. क्लास-एबी ॲम्प्लिफायर 55 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून तुमचे 300 वॅट मिळवायला आणखी 40 ॲम्पिअर लागतात. एकूण 130 ॲम्पिअर. अर्थात संगीत अखंड पूर्ण ताकदीने वाजत नसते, त्यामुळे सरासरी ओढ याच्या एक तृतीयांश, म्हणजे 40 ते 45 ॲम्पिअर मानली तरी चालते. ठोका पडतो त्या क्षणी मात्र मागणी 130 च्या जवळ जाते. त्यात गाडीची स्वतःची भूक मिळवा: हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा आणि इंजिनचे नियंत्रण मिळून 35 ॲम्पिअर सहज होतात.

आता पुरवठ्याची बाजू. अल्टरनेटरवरचा 90 हा आकडा तो वेगाने फिरत असतानाचा असतो. आयएसओ 8854 या मानकात हे मोजमाप अल्टरनेटरच्या 6000 फेऱ्यांवर धरतात, आणि इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) असताना तो जेमतेम 2000 ते 2500 फेरे घेत असतो. काही अल्टरनेटरच्या पट्टीवर दोन आकडे छापलेले असतात. त्यांतला लहान आकडा कमी फेऱ्यांवरचा. तुमच्या पट्टीवर तसा दुसरा आकडा असेल तर तो जरूर वाचा. तो नसेल तर आयडलवर 45 ते 50 ॲम्पिअर मिळतात असे धरून चाला. म्हणजे सिग्नलला उभे असताना गरज सरासरी 75 ते 80 ची आणि उत्पन्न 50 चे, अशी स्थिती आहे. हायवेवर तेच उत्पन्न 85 च्या घरात जाते, म्हणून तिथे त्रास कमी होतो. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळते.

ही तूट बॅटरी भरून काढते, पण कोणत्या व्होल्टेजला, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे विश्रांतीचे व्होल्टेज 12.6 ते 12.7 असते. लाइनवर 14 व्होल्ट असेपर्यंत बॅटरी स्वतः वीज घेत असते. लाइन तिच्या पातळीपर्यंत खाली आली की मगच ती देऊ लागते. म्हणून अल्टरनेटर कमी पडला रे पडला की व्होल्टेज 14 वरून थेट 12.5 च्या आसपास घसरणारच, बॅटरी कितीही चांगली असली तरी. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या जवळपास बदलतो, त्यामुळे 13.8 वरून 12.2 वर आलेला दिवा जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश गमावतो. तुमच्या डोळ्यांना दिसतो तो हाच फरक.

मोजण्याची पद्धत अशी. गाडी सुरू ठेवून एसी आणि दिवे लावा. 40 किंवा 50 हर्ट्झचा अखंड टोन, ज्या आवाजाला तुम्ही एरवी ऐकता त्या पातळीवर, तीन-चार सेकंदच वाजवा. जास्त वेळ वाजवल्यास सबवूफरची कॉइल तापते, शिवाय गाण्याच्या ठोक्यांचा पाठलाग साध्या मीटरला जमत नाही, म्हणून टोनच हवा. दर वेळी एकच मोजमाप घ्या. पहिले, बॅटरीच्या दोन टोकांवर. दुसरे, मोनो ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर. तिसरे, मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी लांब तार ॲम्प्लिफायरच्या पॉझिटिव्हला लावून. चौथे, तसेच निगेटिव्हकडून. शेवटची दोन मोजमापे म्हणजे केबलने आणि अर्थिंगने खाल्लेले व्होल्टेज. हे चार आकडे इथे लिहा, मग पुढे बोलू.

उत्तर 2: ऑटो-इलेक्ट्रिशियन, सांगली

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी प्रत्यक्ष कामाच्या बाजूने थोडे सांगतो.

तयार किटमधली चार गेजची केबल बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ओळखण्यासाठी टोकाचे दोन-चार धागे ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाले तर ॲल्युमिनियम समजा. अशा केबलची वाहकता तांब्याच्या 64 टक्क्यांच्या आसपास असते. चार गेज म्हणजे 21 स्क्वेअर एमएम. पाच मीटर लांबीच्या शुद्ध तांब्याचा रोध सुमारे 4 मिलिओहम येतो आणि मुलाम्याच्या केबलचा साडेसहाच्या जवळ. 130 ॲम्पिअरला त्यात 0.8 व्होल्ट जातात. तेच 35 स्क्वेअर एमएमच्या तांब्यात 0.32 आणि 50 स्क्वेअर एमएमच्या तांब्यात 0.22 व्होल्ट. हा फायदा कपॅसिटरपेक्षा खात्रीचा आहे आणि केबल वर्षानुवर्षे टिकते.

कार ऑडिओच्या नावाची महाग केबल परवडत नसेल तर इलेक्ट्रिकलच्या घाऊक दुकानात वेल्डिंग केबल मागा. आयएस 9857 चा शिक्का असलेली, तांब्याचीच, असे स्पष्ट सांगून घ्या, कारण वेल्डिंग केबलमध्येही ॲल्युमिनियमचा प्रकार मिळतो. तिच्या बारीक तारांमुळे ती वळणांवर छान बसते. बॉनेटखाली मात्र तिच्यावर उष्णता सहन करणारा फ्लेक्झिबल पाइप चढवावा आणि पत्र्यातून आत नेताना रबरी ग्रोमेट घातल्याशिवाय नेऊ नये. पत्र्याच्या धारेवर इन्सुलेशन घासून गाडी पेटल्याची उदाहरणे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत.

थिंबल म्हणजे केबलच्या टोकाची लग केबलच्या मापाचीच घ्यावी आणि षटकोनी क्रिंपिंग टूलने दाबावी. हातोडीने ठोकलेली थिंबल वरून घट्ट दिसते, पण आत पोकळी राहते, ती तापते, आणि तापून आणखी सैल होते. काम झाल्यावर अर्धा तास गाणी वाजवून प्रत्येक जोडाला हात लावून पाहा. जो जोड कोमट लागेल तो पुन्हा करायचा.

सीटबेल्टच्या बोल्टाला दिलेली अर्थिंग आधी काढा. एक तर तो जीव वाचवणारा बोल्ट आहे. त्याखाली थिंबल घातली की तो कंपनीने ठरवलेल्या ताकदीने आवळला जात नाही. दुसरे म्हणजे त्याच्या पेचांवर रंग आणि लॉकिंगचा लेप असतो, त्यामुळे वीज नीट जातच नाही. चासीच्या जाड पत्र्यावर, डिझेलची टाकी आणि नळ्या कुठे आहेत ते खालून पाहून, वेगळे भोक पाडा. थिंबलच्या आकाराएवढा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर, नट आणि बोल्ट लावा, आणि आवळून झाल्यावरच वरून रंग किंवा ग्रीस लावून ओल बंद करा. कोकणात आणि गोव्यात तर हे केलेच पाहिजे, कारण उघडे लोखंड एका पावसाळ्यात गंजते.

याबरोबर बॉनेटखालच्या तीन केबल बदलाव्यात: अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीपर्यंत, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत. मूळ केबल काढू नयेत, त्यांच्या जोडीला नव्या लावाव्यात. मागे 50 स्क्वेअर एमएम टाकून पुढे कंपनीची बारीक अर्थ तशीच ठेवली, तर वीज त्याच बारीक वाटेने परतणार.

वाइंडिंग जाड तारेने भरून घेण्याचा सल्ला तुमच्या गाडीसाठी मला पटत नाही. जाड तार घातली की खाचेत वेटोळे कमी बसतात. त्यामुळे जास्त फेऱ्यांवर ॲम्पिअर वाढतात खरे, पण चार्जिंग सुरू होण्याचा वेग वर सरकतो आणि आयडलवर मिळणारी वीज उलट घटते. तुमचा त्रास तर आयडलवरचाच आहे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: अल्टरनेटर तपासायला कोणी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढू लागला, तर त्याला थांबवा. त्या क्षणी लाइनवर व्होल्टेजचा जो झटका येतो, त्यात डायोड, ॲम्प्लिफायर आणि इंजिनचा कंप्युटर, काहीही जाऊ शकते.

उत्तर 3: बासप्रेमी नाशिक

कपॅसिटर पूर्णपणे निरुपयोगी आहे असे ठरवू नये, एवढेच सुचवतो. माझ्या गाडीत तो लावल्यावर हेडलाइटची फडफड दिसण्यासारखी कमी झाली आहे. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाला) मागणी वाढल्याचे कळून उत्पन्न वाढवायला थोडा वेळ लागतो. तेवढी उणीव कपॅसिटर भरतो.

उत्तर 4: ओहमचानियम

तुमचे निरीक्षण खरे असणार आणि त्याचे कारणही तुम्ही अचूक दिले आहे. अल्टरनेटरच्या फील्ड कॉइलमधला (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्यातला) प्रवाह एकदम वाढत नाही, त्यामुळे अल्टरनेटरकडे क्षमता शिल्लक असतानाही ठोक्याच्या सुरुवातीला छोटी घसरण होते. ती बुजवणे हे कपॅसिटरचे योग्य काम आहे. प्रश्नकर्त्याची अडचण मात्र मुळात क्षमता कमी पडण्याची आहे, आणि तिथे आकडे कपॅसिटरच्या बाजूने नाहीत. 1 फॅरडचा कपॅसिटर 14.4 वरून 12 व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे 32 ज्यूल देतो. मोनो ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सेकंदाला 1250 ज्यूल मागतो. म्हणजे हा साठा सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपला, आणि 40 हर्ट्झच्या बासचे एक आवर्तनही नेमके तेवढ्याच वेळाचे असते. पुढच्या आवर्तनाला कपॅसिटर रिकामा असतो आणि त्याला पुन्हा भरायचे कामही त्याच अल्टरनेटरवर पडते.

सुपरकपॅसिटरची गोष्ट वेगळी आहे. 3000 फॅरडचे सहा सेल एकामागे एक जोडले की 500 फॅरड होतात आणि 14.4 ते 12.5 या पट्ट्यात जवळजवळ 12,800 ज्यूल देतात. म्हणजे मोनो ॲम्प्लिफायरची पूर्ण मागणी दहा सेकंद निभावते. पण सेल समतोल राखणारे सर्किट असल्याशिवाय ते वापरू नयेत आणि रिकामा संच कधीही थेट बॅटरीला जोडू नये. आधी हेडलाइटच्या बल्बमधून तो हळूहळू भरून घ्यावा. थेट जोडल्यास ठिणगी उडून पाना टर्मिनललाच चिकटतो.

उत्तर 5: वऱ्हाडकर, नागपूर

उन्हाळ्याचा मुद्दा कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. वाइंडिंग 20 अंशांवरून 100 अंशांवर गेली की तिचा रोध 31 टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि अल्टरनेटरचे उत्पन्न घटते. शिवाय बॅटरी उकळू नये म्हणून बहुतेक रेग्युलेटर तापमान वाढेल तसे व्होल्टेज मुद्दाम उतरवतात. त्यामुळे सकाळी 14.4 दाखवणारी गाडी दुपारी 13.6 दाखवू लागली तर ती बिघाडाची खूण नव्हे. मोजमाप मात्र गाडी अर्धा तास चालवून तापल्यावरच घ्यावे. थंड इंजिनवरचे आकडे जास्तच आशादायक येतात.

नव्या गाड्यांच्या मालकांसाठी एक सूचना. बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर चार्जिंगचे व्होल्टेज इंजिनचा कंप्युटर ठरवतो: वेग घेताना ते खाली आणतो आणि गाडी उतारावर किंवा ब्रेकवर असताना वर नेतो. अशा गाडीत ॲम्प्लिफायरची अर्थ नेहमी बॉडीला द्यावी. ती थेट बॅटरीच्या खांबाला दिली तर तो प्रवाह सेन्सरमधून जात नाही आणि कंप्युटरचा हिशेब चुकतो. मारुती सुझुकीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत तर अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो आणि आसनाखाली वेगळी लिथियम बॅटरी असते. तिला कधीही हात लावू नये. ॲम्प्लिफायरची जोडणी बॉनेटखालच्या नेहमीच्या बॅटरीवरूनच घ्यावी.

प्रश्नकर्ता: पंचगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तापलेल्या गाडीवर, एसी आणि दिवे चालू ठेवून, आयडलवर 45 हर्ट्झच्या टोनने मोजमाप घेतले. टोन नसताना बॅटरीवर 13.7 व्होल्ट होते. टोन चालू असताना बॅटरीवर 12.4, ॲम्प्लिफायरवर 11.3, पॉझिटिव्ह केबलमध्ये 0.7 आणि निगेटिव्हकडे 0.4 व्होल्ट, असे आकडे आले. केबलचे धागे खरवडल्यावर आतून चंदेरी निघाले. अल्टरनेटरच्या पट्टीवर आरशाने पाहिले, तर 45-90 असे दोन आकडे आहेत.

त्यानंतर सीटबेल्टच्या बोल्टावरची अर्थ काढून चासीवर नवा बोल्ट घेतला. फक्त एवढ्यावर निगेटिव्हकडची घट 0.4 वरून 0.1 वर आली आणि त्याच आवाजाला प्रोटेक्शनचा दिवा लागणे थांबले. आता 50 स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आणणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. फ्यूज किती ॲम्पिअरचा घ्यावा? आणि हे सगळे करूनही आयडलवरची तूट राहीलच, तर तिच्यासाठी दुसरी बॅटरी घ्यावी का?

उत्तर 6: ओहमचानियम

आकड्यांची बेरीज जुळते आहे: 12.4 मधून 0.7 आणि 0.4 वजा केले की 11.3. म्हणजे बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाताना 1.1 व्होल्ट वाटेतच जात होते, आणि नव्या केबलनंतर त्यातले बहुतेक परत मिळतील. ॲम्प्लिफायरचा आतला पुरवठा अनियंत्रित प्रकारचा (बाहेरच्या व्होल्टेजबरोबर कमी-जास्त होणारा) असेल तर त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलते, 11.3 वरून 12.1 वर येणे म्हणजे जवळजवळ 15 टक्के जास्त वॅट, तेही नवा ॲम्प्लिफायर न घेता.

फ्यूज केबलच्या संरक्षणासाठी असतो, म्हणून तो केबलच्या क्षमतेहून लहान आणि गरजेहून मोठा हवा. तुमच्या 130 ॲम्पिअरच्या मागणीला 150 चा एएनएल (बोल्टने आवळायचा, पट्टीच्या आकाराचा) फ्यूज बरोबर आहे. तो बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत बसवा. फ्यूजच्या अलीकडे केबल पत्र्याला टेकली तर तिला थांबवणारे काहीच नसते. डिकीत वाटप होऊन चार चॅनेलच्या ॲम्प्लिफायरकडे बारीक केबल जाईल, तिथे वाटपाच्या ठोकळ्यावर 50 ॲम्पिअरचा स्वतंत्र फ्यूज द्या, कारण 150 च्या फ्यूजला त्या बारीक केबलचे जळणे कळणार नाही.

दुसऱ्या बॅटरीबद्दल माझे मत सावध आहे. आयडलवर 45 ॲम्पिअर देणाऱ्या अल्टरनेटरवर आणखी एक बॅटरी लादली, तर सिग्नलपुरता तग वाढतो, पण शहरात रोज तासभर रेंगाळणाऱ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या अर्धवट भरलेल्या राहतात आणि शिसे-आम्ल बॅटरी त्यानेच लवकर मरते. तुमचे बरेचसे चालवणे हायवेवर असेल तर पुढची बॅटरी जुनी झाल्यावर तिच्या जागी बसेल तेवढ्या मोठ्या मापाची एजीएम (काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून घेतलेली बंद शिसे-आम्ल बॅटरी) घ्या. तिचा अंतर्गत रोध कमी असल्याने ठोक्याला व्होल्टेज कमी घसरते. डिकीत ठेवायचीच असेल तर तीही एजीएमच हवी, कारण पाणी घालायच्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन बंद डिकीत साठू देता येत नाही. दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. वीज दोन्हीकडून येऊ शकते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे विश्रांतीचे व्होल्टेज 13.3 च्या आसपास असल्याने ती लवकर मदतीला येते हे खरे, पण बॉनेटखालची उष्णता तिला सोसत नाही आणि रिकामी असताना ती अल्टरनेटरकडून बेसुमार प्रवाह ओढते.

तोपर्यंत सिग्नलला सबवूफरची पातळी थोडी खाली घेणे पुरेल. मागणी निम्मी केली तरी आवाज 3 डेसिबलच उतरतो, आणि मोनो ॲम्प्लिफायरची पूर्ण जोरातली ओढ मात्र 90 ॲम्पिअरवरून 45 च्या जवळ येते.

उत्तर 7: ऑटो-इलेक्ट्रिशियन, सांगली

केबल टाकायला सुरुवात करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह आधी काढा आणि सगळे जोड पूर्ण झाल्यावर ते शेवटी लावा. फ्यूज त्याच्या खोक्यात सर्वांत शेवटी घालायचा. केबल गाडीच्या एका कडेने आणि आरसीएची सिग्नल वायर दुसऱ्या कडेने न्या, म्हणजे स्पीकरमध्ये अल्टरनेटरची शिट्टी येणार नाही. पॉझिटिव्ह 50 ची टाकत असाल, तर ॲम्प्लिफायरपासून चासीपर्यंतची अर्थही 50 चीच आणि अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.